शिलाई मशीनचं तेलपाणी घरच्या घरी : कोणतं तेल, कुठं, किती?

कपाशीकाठ :

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. घरी सासूबाईंची काळी पायमशीन आहे. लोखंडी स्टँड, चामडी पट्टा, खाली सुटी निघणारी बॉबिनची (खालच्या दोऱ्याच्या रिळाची) डबी, अशी जुन्या पद्धतीची. सासूबाईंचे डोळे अधू झाले तेव्हापासून ती झाकूनच होती. आता मी परकर, पिशव्या, मुलींचे फ्रॉक शिवायचं मनावर घेतलं आहे, पण मशीन साथ देत नाही.

पायडल फार जड लागतं, एक परकर होईपर्यंत पिंडऱ्या भरून येतात. कापड पुढं सरकत नाही, एकाच जागी टाके पडत राहतात. खालच्या बाजूनं दोऱ्याचा गुंता होतो तो वेगळाच. सध्या थंडी आहे, तर सकाळी चाक जवळजवळ हलतच नाही. दुपारी ऊन तापलं की जरा बरं चालतं.

मिस्त्री गाठायचा तर दारव्हा नाहीतर यवतमाळ. मशीनचं मुंडकं एसटीत घालून नेणं एकटीच्या हातचं नाही. म्हणून साफसफाई आणि तेल देणं आपणच नीट शिकावं असं वाटतं. गावात विचारलं तर एक जण म्हणते खोबरेल घाल, दुसरी म्हणते जवसाचं घाल, तिसरा म्हणतो घासलेट. आणखी एक सांगायचं म्हणजे मशीन ज्या खोलीत आहे तिथंच वेचणीचा कापूस भरून ठेवला आहे, भाव वाढायची वाट पाहत. त्याचा काही संबंध असेल का?

हिंगणघाटी :

ताई, मशीन दुरुस्ती हाच माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कापसाचा संबंध आहे, आणि मोठा आहे. पण आधी एक परीक्षा करा, म्हणजे दोष कुठं आहे ते कळेल. उगाच सगळी मशीन उघडायची गरज पडणार नाही.

वरचा दोरा काढा, खालची डबी काढा, फूट (सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय) वर उचला. पट्टा वरच्या चाकावरून उतरवा. आता चाक हातानं आपल्याकडं फिरवा. हलकं फिरलं तर मुंडकं ठीक आहे, दोष खालच्या स्टँडमध्ये किंवा पट्ट्यात आहे. जड फिरलं तर दोष मुंडक्यात. मग बॉबिन भरताना जी चाकाच्या मधली चकती आपण ढिली करतो ती ढिली करा. आता चाक एकटंच फिरायला हवं. ते एकटंही जड फिरत असेल तर चाकाच्या मागं दांड्याला दोरा गुंडाळला गेलाय असं समजा. बॉबिन भरताना दोरा सुटला की तो तिथंच जाऊन बसतो, बाहेरून दिसत नाही.

सकाळी जड आणि दुपारी बरं, हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. त्यावरून मला वाटतं की कधीतरी कुणीतरी त्यात खाण्याचं तेल घातलेलं आहे. या धाग्यावर रसायनाचे जाणकार आहेत, तेलाचं त्यांनी सांगावं.

प्रयोगवही :

मी वाशीमकडं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. हिंगणघाटी भाऊंचा अंदाज बरोबर वाटतो.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जातो. म्हणजे न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली जशी घट्ट होते तेच मशीनच्या सांध्यांत होतं. दुपारी वितळतं म्हणून चाक सुटतं. हे झालं ताजं खोबरेल. वर्षानुवर्षं हवा लागून ते चिकटही होत जातं.

जवसाचं तेल मात्र चुकूनही घालू नका, हे मी कळकळीनं सांगतो. आपल्याकडं जवस घरचाच असतो, म्हणून हात सहज तिकडं जातो. पण जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्याचा कडक पापुद्रा बनतो. याच गुणामुळं ते लाकडाला चोळतात, ऑइल पेंट आणि वार्निशात वापरतात. दारावर जे चांगलं ते मशीनच्या दांड्यावर घातक. सरकीचं आणि सोयाबीनचं तेलही याच वाटेनं जातं, वेग थोडा कमी. मशीनचं तेल हे खनिज तेल असतं, पातळ आणि पाण्यासारखं स्वच्छ. ते हवेशी सहजासहजी अभिक्रिया करत नाही, त्यामुळं डिंक होत नाही. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात लहान बाटलीत मिळतं, बाटलीवर शिलाई मशीनचं तेल असं लिहिलेलं असतं. मोटरसायकलचं इंजिन ऑइल दाट असतं, तेही नको. वापरलेलं काळं ऑइल तर नकोच, त्यात काजळी आणि धातूचा भुगा असतो.

मायघर :

माय, घाबरू नको. लोखंडाची वस्तू हाय ते, लवकर बिघडत नाई. मी अंजनगावाकडची, लग्न होऊन आली तवापासून पायमशीन चालवून रायली.

आमच्याकडे मशीन जड झाली का पयले घासलेट टाकत. तेलाचे जितके भोकं हायेत तितक्या भोकात दोन-दोन थेंब टाकाचे, पट्टा काढून चाक हातानं फिरवत राहाचं, खालून काया-पिवया मळ गयते. चिंधीनं पुसाचं, रातभर तसंच ठेवाचं, सकाई उठून पुन्हा फिरवाचं. घासलेट आता राशनात भेटत नाई, तर एखाद्या जुन्या घरी विचारजो, बाटलीभर ठेवलेलं असते कोणाकडे ना कोणाकडे. आमची मशीन घासलेटावरच चालली इतके वर्सं, वेगळं तेल काहून पाह्यजे ते मले समजत नाई.

हिंगणघाटी :

मायघर काकू, घासलेटाचा पहिला भाग अगदी बरोबर आहे. चिकटलेलं जुनं तेल सोडवायला त्याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही नाही. पण पुढच्या भागाशी मी सहमत नाही, राग मानू नका. घासलेट मळ सोडवतं आणि उडून जातं. मागं जो लोखंडी सांधा राहतो तो कोरडा असतो. वंगण म्हणून त्यात दम नाही. एकदोन दिवस मशीन सुसाट चालते, म्हणून वाटतं की काम झालं. पण कोरडा दांडा कोरड्या बुशमध्ये (दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीत) घासत राहतो, बुश झिजतो, आणि झिजलेला बुश मग तेलानं भरून येत नाही. माझ्याकडं येणाऱ्या खडखड करणाऱ्या मशिनींमध्ये हे फार दिसतं. म्हणून घासलेटानं धुतलं की मळ निघेपर्यंत पुसायचं आणि त्याच दिवशी खरं तेल द्यायचं.

दोन काळज्या. घासलेट वापरताना चूल, दिवा, उदबत्ती जवळ नको, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. कापसाच्या खोलीत तर हे काम अजिबात करू नका, मुंडकं अंगणात किंवा ओसरीत आणा. पेट्रोल, थिनर वापरू नका. आगीचं भय आहेच, शिवाय काळ्या रंगावरची सोनेरी नक्षी पुसली जाते.

मायघर :

बरं भाऊ. मशीन खडखड करते खरी माझी. पाहतो मंग तेल आणून.

हिंगणघाटी :

आता मुख्य काम. कपाशीकाठ ताई, हे दुपारच्या उजेडात करा, घाईत करू नका. खाली जुनं पांढरं कापड अंथरा, म्हणजे पडलेला स्क्रू दिसेल. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. बसवताना तोच फोटो तुमचा गुरू.

नियम एकच आहे आणि तो मोडू नका : आधी कोरडी सफाई, मग तेल. कापसाच्या बारीक तंतूंवर तेल पडलं की ते तंतू भिजून दाबले जातात आणि घोंगडीसारखा घट्ट थर बनतो. तो थर तेल पिऊन घेतो, लोखंडापर्यंत जाऊच देत नाही. बाया मला सांगतात की आम्ही तर आठवड्याला तेल घालतो, तरी मशीन जड. तेल जातंय ते त्या थराच्या पोटात.

सुई आणि फूट काढून घ्या. सुईखालच्या पाटीचे दोन स्क्रू खाचेत नीट बसणाऱ्या रुंद स्क्रूड्रायव्हरनं काढा, सुरीनं नको, खाच बिघडली की पुढं मिस्त्रीलाही त्रास. पाटी उचलली की दाते दिसतील. दात्यांच्या रांगांमध्ये जो कापूस ठासून बसलेला असतो तो ब्रशनं निघत नाही, जाड सुई किंवा सेफ्टी पिननं उकरा. दाते वर येऊन पाटीच्या बाहेर डोकावतात तेव्हाच ते कापड पकडून मागं ढकलतात. खाली कापूस भरला की दाते पुरते वर येत नाहीत. तुमचं कापड न सरकण्याचं कारण बहुधा हेच. पण त्याआधी टाक्याची लांबी ठरवणारा खटका शून्यावर तर नाही ना तेही बघा, कधीकधी एवढंच असतं.

मग मुंडकं मागं कलतं करा. स्टँडला बिजागरी असते, मागं भिंत किंवा कुणाचा तरी हात असू द्या. चाक फिरवून सुई सगळ्यात वर आणा. बॉबिनची डबी ज्यात बसते तो झुलणारा भाग म्हणजे शटल. त्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंना लहान खटके असतात, ते बाहेरच्या अंगाला फिरवले की कडं निघतं, कडं निघालं की मधलं शटल मधल्या दांडीला धरून अलगद बाहेर येतं. ज्या खाचेत हे शटल फिरतं ती खाच म्हणजे या मशीनचं सगळ्यात नाजूक ठिकाण. प्रत्येक टाक्याला शटल एकदा पुढं आणि एकदा मागं झुलतं, लोखंडावर लोखंड. तिथं दोऱ्याचा एवढासा तुकडा अडकला तरी पाय भरून येतात. खाच कोरड्या चिंधीनं पुसा, शटलचं टोक बोटानं चाचपा, खरखरीत लागलं तर ते दोरा तोडणार.

बॉबिनच्या डबीवर जी लहान पोलादी पट्टी असते तिच्याखाली पोस्टकार्डाचा कोपरा सरकवून आतला मळ काढा. तिचा बारीक स्क्रू सोडू नका, हरवला तर पंचाईत. वरच्या टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, दोन चकत्या साफ करायच्या तर फूट वर उचला, म्हणजे चकत्या सैल होतात, आणि मधून कापडाची अरुंद पट्टी पुढं-मागं ओढा. दोऱ्याचा खालून गुंता होणं हा बहुतेक वेळा खालचा नाही, वरचाच दोष असतो. वरच्या चकत्यांत कचरा बसला की दोरा धरलाच जात नाही, सैल सुटतो आणि खाली जमा होतो.

तोंडानं फुंकू नका, थुंकीच्या ओलीनं गंज चढतो. पंक्चरवाल्याच्या हवेनंही नको, कचरा बाहेर येण्याऐवजी आणखी आत जातो. रंगाचा जुना मऊ ब्रश, दात घासायचा जुना ब्रश आणि चिमटा, यात सगळं होतं.

तेलाचं उद्या लिहितो, दुकान उघडायचं आहे.

सेवाग्रामकर :

छान चर्चा चालली आहे. वर्धेकडचा म्हणून एक आठवण नोंदवतो. गांधीजी यंत्रांबद्दल साशंक होते हे सर्वांना माहीत आहे, पण १९२४ सालच्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा खास अपवाद केला होता. जगात जी मोजकी खरोखर उपयोगी यंत्रं निघाली त्यांत त्यांनी याला धरलं, आणि त्यामागं सिंगरची आपल्या पत्नीचे कष्ट वाचवण्याची माया होती असंही ते म्हणाले. सिंगरचं पेटंट १८५१ सालचं. पुढं १९३६ मध्ये गांधीजी आमच्याकडं सेवाग्रामला राहायला आले. खेड्यातल्या बाईच्या हातात तिचं स्वतःचं यंत्र असावं आणि ते तिला स्वतः सांभाळता यावं, हा विचार मला या धाग्यात दिसतो, म्हणून लिहिलं.

हिंगणघाटी :

तेल. एक थेंब म्हणजे एकच थेंब. कुप्पीची नळी भोकात टेकवून हलकं दाबा. कुप्पी नसेल तर औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज उत्तम.

मुंडक्याच्या वर दोन-तीन भोकं असतात, ती मुख्य दांड्याची. डाव्या तोंडावरची प्लेट एका स्क्रूवर असते, ती काढली की सुईचा दांडा आणि फुटाचा दांडा दिसतो, दोन्हीवर वरून एकेक थेंब. दोरा वर-खाली ओढणारा जो लिव्हर आहे त्याच्या सांध्याला एक. मागच्या बाजूला गोल झाकण असेल तर ते फिरवून आतल्या हलणाऱ्या जोडाला एक. चाकाच्या बुशला एक. मग मुंडकं कलतं करून खाली जिथं जिथं लोखंड लोखंडावर हलतं तिथं एकेक. कुठं हलतं ते कळत नसेल तर एका हातानं चाक सावकाश फिरवा आणि बघा. शेवटी शटलच्या खाचेत एक थेंब, हा सगळ्यात महत्त्वाचा. रोज दिवसभर शिवणाऱ्यानं हा थेंब रोज द्यावा.

तेल कुठं द्यायचं नाही, तेही तेवढंच लक्षात ठेवा. टेन्शनच्या चकत्यांना नाही. चामडी पट्ट्याला नाही, तो घसरायला लागतो. बॉबिन भरायच्या रबरी रिंगला नाही, तेलानं रबर फुगतं. या साध्या काळ्या मशीनला ग्रीस लागत नाही.

सगळं बसवल्यावर पहिल्यांदा पायडल मारू नका. चाक हातानं पूर्ण फिरवून सुई कुठं टेकत नाही ना बघा. शटल तिरकं बसलं असेल तर तिथंच अडेल, जोर करू नका, काढून परत बसवा. सुई नवी घाला, सपाट बाजू जुन्या सुईची होती त्याच अंगाला. मग फुटाखाली चिंधी ठेवून बिनदोऱ्यानं थोडा वेळ चालवा. चिंधीशिवाय चालवलं तर दाते फुटाच्या तळाला घासतात. दोरा घालून चिंध्यांवर शिवत राहा, टाक्याभोवतीचा तेलाचा डाग येणं थांबलं की चांगलं कापड घ्या. रात्री फुटाखाली दुमडलेलं सुती कापड ठेवून द्या, उतरलेलं तेल ते टिपतं.

कपाशीकाठ :

भाऊ, काकू, सर, सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज मिळून काम केलं. नवऱ्यानं मुंडकं ओसरीत आणून दिलं, सासूबाई शेजारी बसून सांगत होत्या, त्यांना हातानं चाचपूनच सगळं कळत होतं.

पट्टा काढल्यावर चाक जडच होतं, म्हणजे दोष मुंडक्यात. पाटीखाली कापसाचा थर निघाला तो अख्खा तुकडाच उचलून आला, भाऊंनी लिहिलंय तसाच. शटलच्या खाचेत लाल दोरा होता. सासूबाई म्हणाल्या, लाल कापड शेवटचं शिवलं ते नणंदेच्या लग्नाचं.

पण एक गोष्ट कुणीच लिहिली नव्हती. वरच्या तीनपैकी दोन भोकांत माती भरलेली! कुंभारीण माशीनं घर केलेलं, पक्कं लिंपून. वरून कितीही तेल घातलं असतं तरी ते माथ्यावरूनच ओघळलं असतं. मुंडकं तिरपं धरून बारीक तारेनं माती बाहेरच्या बाजूला काढली, आत पडू दिली नाही. मग घासलेट, मग तेल. शेजारच्या आजींकडं बाटलीच्या तळाशी घासलेट मिळालं.

कापड आता सरकतंय. चाकही पुष्कळ हलकं झालं. गुंता मात्र अजून कधीकधी होतो.

हिंगणघाटी :

कुंभारणीची माती मी बऱ्याच गावच्या मशिनींत पाहिली आहे, ते लिहायला हवं होतं. तार वापरलीत आणि बाहेर काढलीत ते उत्तम. यापुढं भोकांवर झाकण राहील असा कपडा घालत जा.

गुंत्यासाठी : दोरा ओवताना फूट वर असू द्या, म्हणजे तो चकत्यांच्या मध्ये खोल बसतो. फूट खाली असताना ओवला तर तो वरवर राहतो. आणि शिवायला लागताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरून ठेवा. तरीही झालं तर डबी दोऱ्याला धरून लोंबकळवा. नुसती लटकून राहिली आणि हलका झटका दिल्यावर थोडी खाली उतरली, तर खालचं टेन्शन बरोबर आहे. सर्रकन खाली गेली तर पट्टी ढिली.

गट_सखी :

मी भंडारा जिल्ह्यातली, आमचा बचत गट आहे. गणवेशाचं काम मिळतं तेव्हा आमच्या मशिनी सलग चालतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे शिलाई भर उन्हाळ्यात येते.

आमच्याकडं ज्या बाईची मशीन तिनंच संध्याकाळी उठताना पाटीखाली ब्रश फिरवायचा आणि शटलला थेंब द्यायचा, हे ठरलेलं आहे. सकाळी नाही, संध्याकाळी. सकाळी तेल दिलं तर पहिल्याच पांढऱ्या शर्टावर डाग पडतो. रात्रभर तेल मुरतं, सकाळी चिंधीवर चार टाके घालून कामाला लागायचं. पूर्ण उघडून सफाई आठवड्यातून एकदा. घरी थोडंफार शिवणारीला इतकं नको, पण गोधडी शिवली की लगेच साफ करावं. जुन्या साड्या-धोतरांचा भुगा फार निघतो.

पांढऱ्यावर तेल पडलंच तर चोळू नका. लगेच खडूची पूड किंवा पावडर टाकून ठेवा, तेल शोषलं की झटका, मग भांड्याच्या साबणानं धुवा. धुण्याआधी इस्त्री फिरवू नका, डाग पक्का होतो.

आमचा भाग धानाचा, पावसाळ्यात घरात ओल असते. तेव्हा मशीनवर प्लास्टिक घालू नये, आत घाम धरतो आणि पाटी-शटलला तांबूस गंज येतो. सुती कापड घाला आणि पाटीवर तेलाचं बोट फिरवून ठेवा. दसऱ्याला मशीनची पूजा आम्ही सगळ्या करतो. हळद-कुंकू मुंडक्याऐवजी लाकडी फळीला लावायचं आणि अक्षता बाजूला वाहायच्या असं आता ठरवलं आहे. तांदळाचा दाणा शटलमध्ये गेला तर पूजेच्या दुसऱ्याच दिवशी मशीन अडते, ते बरं वाटत नाही.

कोळसाखाण :

चंद्रपूरहून. माझी मशीन विजेवरची, पांढरी, प्लास्टिकच्या अंगाची, बॉबिन वरून टाकायची. तिला हेच सगळं लागू आहे का? आमच्याकडं धूळ काळी असते, कापूस नाही.

हिंगणघाटी :

ताई, तुमच्या मशीनला यातली सफाई सगळी लागू, तेल मात्र फार जपून. आधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. पायाचा स्विचही सुटा करा. वरून बॉबिन टाकायच्या मशीनमध्ये काळी प्लास्टिकची डबी असते, ती उचलून काढा, खाली ब्रश फिरवा. त्या प्लास्टिकच्या डबीला तेल द्यायचं नसतं. बऱ्याच मशिनींत आतले सांधे कारखान्यातच वंगण भरलेले असतात. पुस्तिकेत जिथं बाण दाखवला असेल तिथंच थेंब द्या, बाण नसेल तर देऊ नका. घासलेट प्लास्टिकला लावू नका. काळी धूळ वंगणात मिसळली की सांधे झिजवते, म्हणून काम नसताना मशीन झाकलेलीच ठेवा.

मायघर :

तेल आणलं. भोकाभोकात दिलं. भाऊ म्हणत होता ते खरं हाय, आवाज निम्मा झाला. पोळ्याले बैलाच्या झुली मी याच मशीनवर शिवतो, जाड कापड, वरून गोंडे. तवा सुई लय तुटते. त्याले काय करू?

हिंगणघाटी :

काकू, झुलीला १४ नंबरची सुई पुरत नाही, १८ नंबरची घाला. टाका मोठा करा आणि जिथं चार पदर येतात तिथं पाय सोडून चाक हातानं फिरवा. कापड मागून ओढू नका, ओढल्यानं सुई वाकते आणि पाटीवर आपटून तुटते. तुटलेल्या सुईचं टोक सापडेपर्यंत मशीन चालवू नका, ते शटलमध्ये असतं. साध्या कापडालाही सुई बोथट होते, सात-आठ तास शिवून झाली की बदला. टक-टक आवाज आला की समजा सुई गेली.

मायघर :

हाव, मागनं ओढाची सवय हाय. सोडतो.

कपाशीकाठ :

आज पट्टा चढवून पूर्ण परकर शिवला. गुंता नाही झाला, दोरा ओवतानाच फूट वर ठेवलं होतं. मशीन कापसाच्या खोलीतून काढून ओसरीला लागून असलेल्या खोलीत आणली आहे. एक शेवटचं विचारते. मुंडकं आता हलकं आहे, पण पायडल मारताना खालून खट-खट येतं, आणि मधेच पट्टा घसरतो.

हिंगणघाटी :

पायडलच्या दोन्ही टोकांना टोकदार स्क्रू असतात, त्यांच्यावर पायडल झुलतं. पायडलपासून मोठ्या चाकाकडं जाणारी जी उभी कांडी आहे तिच्याही खाली-वर सांधा आहे. खट-खट यापैकीच कुठल्यातरी सैल जागेतून आहे. कांडी हातात धरून वर-खाली हलवा, जिथं खेळ लागेल तिथला स्क्रू थोडा आवळा, मग त्याच्यावरचा नट घट्ट करा. फार आवळलं तर पायडल जड होईल. हातानं दाबून सोडल्यावर ते मोकळं झुलायला हवं. या सांध्यांत केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, आधी ते कापून काढा, मग तेल. मोठ्या चाकाच्या मध्यालाही एक थेंब.

पट्टा घसरतोय म्हणजे एकतर त्याला तेल लागलंय, कोरड्या चिंधीनं खडूची पूड लावून पुसा. नाहीतर तो ताणला गेलाय. तसं असेल तर तारेची क्लिप एका टोकातून पक्कडीनं सोडा, पट्टा अर्धा सेंटीमीटर कापा, दाभणानं नवं भोक पाडून क्लिप परत बसवा. एकदम जास्त कापू नका. पट्टा फार ताठ झाला तरी मशीन जडच चालते.

कपाशीकाठ :

कांडीच्या वरच्या सांध्यातच खेळ होता. आवळला, आवाज गेला. मोठ्या चाकामागून केसांचा नि दोऱ्यांचा एवढा मोठा गोळा निघाला. पट्ट्याला खडू लावून पुसलं, आता घसरत नाही, म्हणून कापला नाही. शेजारच्या दोघींनी त्यांच्या मशिनी उघडायला बोलावलं आहे. त्यातली एक चाकाला हाताची मूठ असलेली आहे, बिनपायडलची. तिला तेलाची भोकं हीच असतात का?

हिंगणघाटी :

मुंडक्याची हीच. मुठीच्या पेटीत आत दातेरी चक्रं असतात, तिथं मात्र तेल टिकत नाही, थोडं ग्रीस लागतं. पेटीचा फोटो इथं टाका, कुठला स्क्रू काढायचा ते बघून सांगतो.